मागून आणलेली काडी

सुकन्याच्या सासूबाईंचं, म्हणजे बसम्मांचं, एक ठाम मत होतं आणि त्या मतापुढं सुकन्याची बी.एड.ची पदवी, तिचं मुख्याध्यापकपद आणि तिचा घसा, तिन्ही हरली होती. मत असं, की झाडाची काडी मागून आणली तर लागत नाही, विकत आणली तर मुळीच लागत नाही. लागते ती फक्त चोरून आणलेली. तीही मालक घरात असताना, त्याला पत्ता लागू न देता. आणलेली काडी कुठून आणली हे कुणाला सांगायचं नाही, आभार तर चुकूनही मानायचे नाहीत, नाहीतर मुळं फुटायच्या आत ती काळी पडते.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, सोडून द्यावं. सुकन्याही बरेच दिवस सोडून देत होती. पण लातूरच्या औसा रोडमागच्या त्या कॉलनीत, तिच्या एवढ्याशा अंगणात, एकेक करून सगळ्या कॉलनीची झाडं गोळा व्हायला लागली तेव्हा तिच्या डोक्याला मुंग्या आल्या. पिवळ्या घंटांचा टेकोमा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या कुंपणातला. शेंदरी नळ्यांचा हॅमेलिया कॉलनीच्या बागेतला, तिथं 'फुले तोडू नयेत' अशी पाटी आहे. बसम्मांचं म्हणणं, मी फूल कुठं तोडलं, काडी तोडली. आणि लाल फटाक्यांसारख्या फुलांची रसेलिया तर एका मंगल कार्यालयातून आली, वर मंगलाष्टकं चालू असताना. सुकन्या अक्षता टाकत होती आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

बसम्मांना सगळी झाडं नळीच्या फुलांचीच लागत. असल्या फुलांना त्या 'पिपाणीची फुलं' म्हणत. त्याचंही कारण होतं. जास्वंद, मोगरा, कण्हेर लावली की सकाळी फिरायला निघालेली माणसं पिशव्या घेऊन हजर, देवाच्या नावाखाली झाड बोडकं करून जाणार. "पिपाणीच्या फुलाला कुनी हात लावत न्हाई," बसम्मा सांगत. "न देवाला, न वेणीला. ते झाडाचं झाडावरच ऱ्हातंय. आन् ती चिमुकली निळी पाखरं येत्यात चोच घालायला." दुसऱ्यांनी झाडं बोडकी केलेली त्यांना खपत नसे आणि स्वतः मात्र भरदुपारी लोकांच्या कुंपणावर. सुकन्यानं ही विसंगती एकदा दाखवून दिली. बसम्मांनी "तुला शेतीतलं काय कळतंय" एवढं म्हणून लसूण सोलायला घेतला.

सुकन्यानं नर्सरीतून रीतसर तीन रोपं आणून पाहिली. मेच्या उन्हात, काळ्या भेगाळलेल्या मातीत ती तिन्ही महिन्याभरात वाळली. बसम्मांनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. सुकन्याचा नवरा सोमेश नांदेडला रेल्वेच्या विभागीय कार्यालयात होता, शनिवारी यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. त्याला सांगावं तर तो फोनवर नुसता हसायचा. "आईची सवय आहे गं ती. आमच्या गावाकडं सगळी तसंच करतात." ज्याला बायको आणि आई दोघी फोनवर भेटतात त्याला हसायला काय जातंय.

सुकन्या मूळची नांदेडची. लातुरात तिला माणूस असं एकच, भिंतीपलीकडच्या तारामतीताई. वयानं दहाएक वर्षांनी मोठ्या, मुरुडजवळ त्यांची शेती, मोठ्यानं बोलणार, मोठ्यानं हसणार आणि सुकन्याला 'मॅडम' म्हणून चिडवणार. शाळेतून आल्यावर चहाचा कप घेऊन भिंतीशी उभं राहायचं, हा सुकन्याच्या दिवसातला एकच सुखाचा वेळ. शिक्षणाधिकाऱ्यांची मीटिंग, पोषण आहाराचा तांदूळ, सासूबाईंची नवी चोरी, सगळं त्या भिंतीवर मांडायचं. तारामतीताई ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "जाऊ द्या मॅडम, लई विचार करून राहिल्या तुम्ही." तेवढ्यानं बरं वाटायचं.

याच तारामतीताईंच्या दारात, न्हाणीच्या पाण्यावर, लिंबाच्या सावलीत ते झाड होतं. नर्सरीवाले त्याला एंजल ट्रम्पेट म्हणतात. आपल्या धोत्र्याच्याच जातीचं, तसंच विषारी, हात लावला की धुवावा लागतो. पण धोत्र्याचं फूल वर बघतं आणि ह्याची फुलं खाली लोंबतात, वीतभर लांब, पिकलेल्या पपईच्या फिकट रंगाची. दिवस मावळला की असा वास सुटायचा की गल्लीतून जाणारा माणूस सायकल थांबवून इकडंतिकडं बघायचा. बसम्मांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भिंतीला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. "शिव शिवा," म्हणाल्या, "उलटी पिपाणी."

सुकन्यानं धोका लगेच ओळखला. त्याच संध्याकाळी तिनं तारामतीताईंकडं काडी मागितली. ताईंनी आनंदानं दिली. बसम्मांनी ती लावली, पण अशा चेहऱ्यानं की काडीचीही जगायची इच्छा गेली असावी. ती सुकली. दुसरी मागितली, तीही सुकली. "म्या सांगितलं न्हवतं?" बसम्मा म्हणाल्या. सुकन्याला खात्री होती की त्या मुद्दाम पाणी चुकवतात, पण पुरावा नव्हता.

दुसरी काडी सुकल्याचं भिंतीशी सांगितलं तेव्हा तारामतीताई खूप हसल्या. मग इकडंतिकडं बघून जवळ आल्या. "सांगू का, कुनाला बोलू नका हं मॅडम. सासूबाईंचं काही खोटं न्हाई. ही माझी काडी बी चोरीचीच हाय. नांदेडला वन्संच्या बंगल्यात लावलेलं हाय ना हे. त्या अंघोळीला गेल्या, मी मोडली, ब्लाउजपीसात गुंडाळली आन् पर्समध्ये घातली. मागितली असती तर वन्संनी दिली असती हो. पन मागायचं कशाला? अख्ख्या भावकीत मी हैदराबादच्या प्रदर्शनातून आणली म्हनून सांगितलंय." सुकन्याही हसली. जगात आपणच एकटे शहाणे उरलोत की काय, असंही तिला वाटून गेलं.

मार्चमध्ये कूलर माळ्यावरून खाली उतरले आणि बसम्मांचा हंगाम सुरू झाला. मराठवाड्यात चोरी करायची तर रात्रीची नाही, दुपारची. दोन वाजता जेवून सगळी आडवी झालेली असतात आणि प्रत्येक खिडकीत कूलर असा घरघरत असतो की अंगणात हत्ती नाचला तरी आत कळू नये. अशाच एका दुपारी सुकन्या शाळेत होती. पुढं पंधरा दिवसांनी तिला न्हाणीमागं फुटक्या बादलीत एक जाड काडी दिसली. तिला दोन कोवळी पानं फुटलेली होती. सुकन्यानं पानं ओळखली आणि तिथंच पायरीवर बसली.

"आत्याबाई, हे काय आहे?"

"बादली हाय," बसम्मा म्हणाल्या.

ताईंना निवांत गाठून सांगायचं, असं सुकन्यानं ठरवलं होतं. पण निवांतपणा मिळायच्या आत ताईंची लेक वर्षाराणी बाळंतपणाला माहेरी आली आणि तिचं डोहाळजेवण ठरलं. अंगणात मंडप, त्या झाडापुढं पाळणा, झाड नेमकं बहरलेलं. सगळी भावकी आलेली, नांदेडच्या वन्संसुद्धा. वर्षाराणीला फुलांचे दागिने घालून पाळण्यात बसवली, फोटो सुरू झाले, आणि फोटोवाला म्हणाला, "ताई, ती मोडकी फांदी मध्ये येऊन राहिली."

तारामतीताईंनी वळून बघितलं. कळ्यांनी लगडलेली मधली फांदी कुणीतरी नेलेली आणि तिथं वाळलेला खुंट राहिलेला. ताईंचा पारा चढला. धुण्याभांड्याला येणारी साखराबाई समोर ताटं मांडत होती, तिलाच त्यांनी धरलं. "तूच दोरी बांधायला मोडलीस ना? किती डाव सांगितलं झाडाला हात लावू नको म्हनून! उद्यापासून येऊ नको तू." साखराबाई हातात ताट घेऊन नुसती बघत राहिली.

आता सुकन्यानं काय करायचं होतं? गप्प बसायचं? ती पुढं झाली. "तिला बोलू नका ताई. फांदी आमच्या सासूबाईंनी नेलीय."

सुकन्या तिथं थांबली असती तरी निभावलं असतं. ताई काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेणारच होत्या, त्यांच्या ओठांवर हसू आलंसुद्धा होतं. पण मुख्याध्यापकांना एक खोड असते, समोरच्याला मुद्दा पटल्याची खात्री होईपर्यंत ते थांबत नाहीत. "आणि यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही," सुकन्या म्हणाली, "काडी चोरूनच आणतात म्हणे. तुम्ही नाही का वन्संच्या बंगल्यातून..."

तिचं तिलाच कळलं आणि ती थांबली. पण बंगल्यातून म्हणजे कुठून हे कळायला कुणाला वाक्य पुरं व्हायची गरज नव्हती.

नांदेडच्या वन्संनी हातातलं आरतीचं ताट हळूच खाली ठेवलं. "हैदराबादचं प्रदर्शन म्हनं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी उठून वर्षाराणीची ओटी भरली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पानावर न बसता, ताईंकडं न बघता, गाडीत जाऊन बसल्या. लेकीच्या डोहाळजेवणातून घरची वन्सं न जेवता गेली. हे पुढं सगळ्या भावकीत वर्षभर पुरणार होतं.

त्या संध्याकाळी सुकन्या भिंतीशी गेली. तारामतीताई मंडपातली ताटं गोळा करत होत्या. सुकन्यानं काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुम्ही खरं बोललात मॅडम. तुमचं काही चुकलं न्हाई." आणि आत गेल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

सुरुवातीला सुकन्याला रागच आला. खरं बोलणं हा गुन्हा झाला का? साखराबाईची भाकरी गेली असती ती चालली असती? काडी चोरली सासूनं, खोटं सांगितलं ताईंनी, रुसल्या वन्सं आणि वाळीत कोण, तर जिनं कधी कुणाच्या अंगणातलं पानसुद्धा तोडलं नाही ती. हे सगळं ती बसम्मांना सुनवायची. बसम्मा म्हणायच्या, "तू तोंड उघडायचं काम न्हवतं." वैताग नुसता.

पण संध्याकाळी चहाचा कप हातात आला की पाय आपोआप भिंतीकडं वळायचे आणि मध्येच थांबायचे. तिनं मोबाइलवर माफीचा लांबलचक मजकूर पाठवला. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. पुरणपोळ्या करून वाटीत कटाची आमटी आणि वर दोन पोळ्या असं पाठवलं. दुसऱ्या दिवशी साखराबाई वाटी परत घेऊन आली, घासूनपुसून लख्ख आणि रिकामी. शेजाऱ्याची वाटी कुणी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतातच. सुकन्या ती रिकामी वाटी घेऊन ओट्याशी बराच वेळ उभी राहिली. एका वाक्यात आपण आपलं या गावातलं एकुलतं माणूस घालवलं, हे तिला त्या वाटीनं सांगितलं.

इकडं बादलीतली काडी मात्र बेशरमासारखी वाढत होती. बसम्मांनी तिला पाऊस सुरू झाल्यावर भिंतीच्या कडेला जमिनीत लावलं आणि रोज तिच्याशी गप्पा मारायला लागल्या. श्रावणात पलीकडं उलटं झालं. ताईंच्या झाडावर पांढरी माशी पडली. त्यांचे यजमान शिवशंकरराव मुरुडहून पाठीवरचा फवारणी पंप घेऊन आले. तो पंप आदल्या आठवड्यात उसातल्या तणनाशकाला वापरलेला होता आणि कुणी धुतला नव्हता. शेतकऱ्याच्या घरात असं होऊ नये, पण घाईत असलेल्या शेतकऱ्याच्याच घरात असं होतं. दोन दिवसांत पानं अशी पिळवटली की जणू कुणी मुठीत चुरगाळलीत. शेंडे वाकडे झाले. ताईंनी मुळाशी बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, ताक घातलं, कुणी सांगितलं म्हणून गूळही घातला. झाड बुंध्यापर्यंत मेलं.

सुकन्या गच्चीवर कपडे वाळत घालताना ते बघत होती. एका संध्याकाळी ताई त्या वाळक्या बुंध्याशी पाटावर बसलेल्या दिसल्या, काही न करता. एवढी बोलकी बाई. वर्षाराणी बाळाला घेऊन सासरी गेलेली, शिवशंकरराव शेतावर, वन्संशी बोलणं बंद, भिंतीपलीकडं बोलणं बंद. सुकन्याला हाक मारावीशी वाटली. पण ती खाली निघून आली.

दसऱ्याच्या सुमारास बसम्मांच्या झाडाला फुलं आली. तीच, पपईच्या रंगाची. झाडाला अक्कल नसते, त्यानं अर्ध्या फांद्या नेमक्या ताईंच्या बाजूला टाकल्या. सुकन्यानं त्याच दिवसांत एक जून काडी घेऊन छान कुंडीत लावली, मुळं धरेपर्यंत सांभाळली, पानं पुसली आणि ताईंच्या दारात गेली. ताईंनी दार अर्धंच उघडलं. कुंडीकडं बघितलं. त्यांचा हात पुढं आला होता, सुकन्यानं तो बघितला. मग तो मागं गेला. "आमी दिलेलं घेत न्हाई मॅडम," ताई म्हणाल्या आणि दार लागलं.

सुकन्या कुंडी घेऊन परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. "आता काय करू, सांगा. घरी नेऊन दिलं, घेत नाहीत. माफी मागितली, ऐकत नाहीत. तुमच्या एका काडीपायी..."

बसम्मांनी तिला बसवलं आणि पाणी दिलं. मग म्हणाल्या, "देऊन काय होतंय? दिलेलं घेतलं म्हंजे तुझ्याम्होरं मान खाली गेली. तिला चोरू दे."

"काय?"

"चोरू दे म्हनते. गेट उघडं ठिव, आन् आपन घरात न्हाई असं दाव."

सुकन्यानं कपाळावर हात मारून घेतला. तिच्या शाळेच्या भिंतीवर तिच्याच अक्षरात 'नेहमी खरे बोलावे' लिहिलेलं आहे. तिनं स्वतःच्या घरात चोरीची सोय करायची! पण दुसरा मार्ग तिला तरी कुठं सुचत होता. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या, ऊन ऑक्टोबरचं, अंगाची लाही करणारं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बसम्मा अंगणात उभ्या राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "सुकन्या, चल लवकर! सिद्धेश्वराला जायला उशीर व्हायलाय!" सोमेश त्या वेळी फोनवर होता, त्यानं विचारलं, "भरदुपारी देवळात काय काढलंय?" सुकन्यानं फोन ठेवला.

मग दोघी गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरून खिडकीशी बसल्या. पंखा लावायचा नाही, कूलर लावायचा नाही, आवाज होतो. पदरानं वारा घ्यायचा आणि घाम पुसायचा. पहिल्या दुपारी कुणी आलं नाही. दुसऱ्या दुपारी कुणाची तरी शेळी आली आणि तिनं डॉक्टरांच्या कुंपणातून आणलेला टेकोमा निम्मा खाल्ला. हाकलायला जाता येईना, कारण आपण देवळात. बसम्मांनी शेळीला आणि शेळीच्या मालकाला दबक्या आवाजात ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या कानडी होत्या म्हणून बरं.

तिसऱ्या दुपारी गेट हळूच वाजलं. तारामतीताई. पायात चप्पल नाही, आवाज होऊ नये म्हणून. तापलेल्या फरशीवरून त्या पाय उचलत उचलत झाडाशी आल्या. सुकन्या खिडकीआड खाली वाकली, जणू तीच चोरी करत होती. ताईंनी घाईनं वरचा कोवळा शेंडा मोडला.

"अगं, कवळी न्हाई!" बसम्मा ताडकन उठल्या. "जून घ्यावं! ती कवळी लागत न्ह..."

सुकन्यानं आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंच्या तोंडावर हात दाबला. बसम्मा तिच्या तळव्याखाली बडबडत राहिल्या. ताई क्षणभर थबकल्या, खिडकीकडं बघितलं, आणि शेंडा पदराखाली घालून निघून गेल्या.

गच्चीवरून दिसायचं. ताईंनी वाळक्या बुंध्याशेजारी शेंडा लावला, वर फुटका माठ उलटा ठेवून सावली केली. तो शेंडा मान टाकून मेला. बसम्मांना जेवण गोड लागेना. "एवढी शेतकऱ्याची बाई, आन् काडी कुठली घ्यावी कळंना," असं म्हणत त्या घरभर फिरत होत्या. "घाबरली व्हती म्हनून. चोरी निवांत करायची असती." सुकन्याला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायचं कशाबद्दल, हेच तिला आता नीट सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. एका दुपारी केंद्रप्रमुखांची भेट रद्द झाली आणि सुकन्या लवकर घरी निघाली. वेळ तीच, दोनच्या पुढची, गल्लीत चिटपाखरू नाही. बसम्मा आत झोपलेल्या, पंखा घरघरतोय. सुकन्यानं गेटवर हात ठेवला आणि आतून तारामतीताई बाहेर येत होत्या.

दोघी समोरासमोर. मध्ये हातभर अंतर. ताईंचा उजवा हात पदराखाली होता आणि पदराच्या कडेतून एक काडी बाहेर आलेली, चांगली बोटाएवढी जाड, जून, खाली तिरका काप घेतलेली, वरची पानं तोडलेली. या वेळी त्या विळा घेऊन आल्या होत्या. ताईंचा चेहरा उतरला. भर डोहाळजेवणात वन्संनी आरती खाली ठेवली तेव्हा होता तसाच तो होता, आणि त्या सुकन्याच्या तोंडाकडं बघत होत्या, ती आता काय बोलते म्हणून.

सुकन्याच्या जिभेवर कितीतरी आलं. घ्या ना ताई, तुमचीच आहे. लपवू नका. मी तर कुंडीत लावून आणली होती. सगळं खरं होतं आणि सगळं एकदम बाहेर यायला धडपडत होतं. तिनं ते दातांखाली धरलं. नजर काडीवरून काढली, शेळीनं खाल्लेल्या टेकोमाकडं वळवली आणि म्हणाली, "लई ऊन हाय ना ताई."

ताईंनी खाकरून घसा साफ केला, पदर सारखा केला, आणि एकदम त्यांचा तो जुना मोठा आवाज आला.

"गेट उघडं टाकून जाता काय वो मॅडम! घरात म्हातारं मानूस झोपलंय. दिवस कसले हायत, कुनी बी आत शिरंल, कायबी उचलून नेईल! शाळा चालवता, आन् घरच्या गेटाला कडी घालायचं ध्यान न्हाई?"

असं म्हणताना काडीचं टोक पदराबाहेर हलत होतं. सात-आठ महिन्यांत ताईंचा आवाज पहिल्यांदा आपल्यासाठी निघाला, हे कळून सुकन्याला हसावं की रडावं कळेना. भरदुपारी, स्वतःच्या गेटात उभं राहून, चोराकडून बोलणी खाणारी तालुक्यातली ती एकटीच मुख्याध्यापिका असावी. तिनं गेटाची सळई घट्ट धरली आणि तिचे डोळे वाहायला लागले.

"चुकलं माझं, ताई," ती म्हणाली. "खरंच चुकलं. मी असं करायला नको होतं."

ताईंनी तिच्याकडं बघितलं. गेटाला कडी घालायची राहिली म्हणून कुणी असं रडत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांचेही डोळे भरले, आणि पुसायला एकच हात मोकळा होता.

"चुकतंय मानसाचं," त्या म्हणाल्या. मग सुकन्याला बाजूला सारून घाईघाईनं निघाल्या. काडी फार वेळ उघडी ठेवून चालत नाही. आपल्या दाराशी पोचल्यावर त्यांनी मागं न वळता हाक दिली, "पाच वाजता च्या ठेवते. लवकर या, थंड व्हतो."